चतकोर पेनीसाठी केवढी कॉइल?

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडमध्ये सुट्टे पैसे कात्रीने मिळत. रोजच्या व्यवहारातलं नाणं जवळपास एकच, चांदीची पेनी; तीही जेमतेम १.४ ग्रॅम वजनाची आणि पत्र्यासारखी पातळ. अर्ध्या पेनीचा माल घ्यायचा तर नाण्याचे दोन तुकडे करायचे, पाव पेनीचा घ्यायचा तर चार. मागच्या बाजूला कोरलेला क्रूस कापायची रेघ म्हणून सोयीचा पडे. १२७९-८० मध्ये पहिल्या एडवर्डने नाणी नव्याने पाडायला घेतली, अर्ध्या आणि पाव पेनीची गोल नाणी टाकसाळीतून येऊ लागली आणि ही कापाकापी मागे पडली.

तोवर असंख्य चतकोर तुकडे थैल्यांतून गळून पडले होते. काही जत्रेच्या मैदानात राहिले, काही उकिरड्यातून खताबरोबर शेतात गेले. आज नॉरफोक, सफोक, लिंकनशायर या परगण्यांतल्या नांगरलेल्या शेतांत डिटेक्टर फिरवणाऱ्या हौशी मंडळींना ते सापडतात. (या मंडळींना तिकडे ‘डिटेक्टरिस्ट’ म्हणतात आणि त्याच नावाची एक गोड विनोदी मालिका २०१४ पासून बीबीसीवर आली होती.) तीन-साडेतीनशे मिलिग्रॅम चांदी, आकार करंगळीच्या नखाएवढा, वर चार-सहा इंच माती आणि आजूबाजूला दोन हजार वर्षांचं लोखंडी भंगार. डिटेक्टरच्या टोकाला केवढी कॉइल लावायची, हा प्रश्न अशा तुकड्यापाशी येऊन खरा होतो. दुकानात मात्र तो वेगळ्या रूपात विचारला जातो: सगळ्यात खोल जाणारी कॉइल कुठली? माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या टोकाने धरलेला आहे. एका वेळी किती जमीन ऐकायची, हे आधी ठरवावं. खोली त्यानंतर आपोआप ठरते.

आपल्याकडे डिटेक्टर म्हटलं की मॉलच्या दारातली चौकट किंवा सुरक्षारक्षकाच्या हातातली काठी आठवते. तिथे कॉइल आणि वस्तू यांच्यामध्ये हवा असते आणि हवा काही बोलत नाही. शेतातल्या डिटेक्टरचं तत्त्व तेच, पण मध्ये जमीन येते. लांब दांड्याच्या टोकाला जी चपटी तबकडी दिसते, ती म्हणजे कॉइल. तिच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात, त्यामुळे खालच्या जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, आणि ते प्रवाह स्वतःचं एक क्षीण क्षेत्र उभं करतात. दुसरं वेटोळं फक्त हे क्षीण उत्तर टिपण्यासाठी असतं. पहिल्या वेटोळ्याचा थेट आवाज त्याच्या कानावर पडू नये अशा बेताने दोघांची मांडणी केलेली असते.

आता आकार. वर्तुळाकार वेटोळ्याच्या मध्यावरून खाली जावं तसं क्षेत्र कसं कमी होतं, याचं सूत्र अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात असतं. त्यातलं मर्म एवढंच: लहान वेटोळ्याचं क्षेत्र जवळ तीव्र असतं आणि झपाट्याने विरतं; मोठ्याचं जवळ सौम्य असतं, पण दूरवर टिकतं. शिवाय हा प्रवास दुहेरी आहे. क्षेत्र खाली जाताना क्षीण होतं आणि धातूचं उत्तर वर येतानाही तितकंच क्षीण होतं. त्यामुळे कॉइलपासून बरंच लांब गेल्यावर अंतर दुप्पट झालं की उत्तर ६४ पटींनी घटतं. डिटेक्टरची ताकद थोडी वाढवून खोली फारशी का वाढत नाही, याचं कारण या आकड्यात आहे.

बाजारात सर्रास मिळणारे ६, ११ आणि १५ इंची असे तीन आकार घेऊ. तिघांना समान प्रवाह आणि समान वेढे आहेत असं धरून हिशेब मांडला तर चित्र असं दिसतं. नाणं २ इंचांवर असेल तर ६ इंची कॉइलला मिळणारं उत्तर ११ इंचीच्या सुमारे दीडपट आणि १५ इंचीच्या सुमारे अडीचपट असतं. नाणं १० इंचांवर गेलं की पारडं पूर्ण फिरतं: ११ इंचीला ६ इंचीच्या साडेसहापट उत्तर मिळतं आणि १५ इंचीला ११ इंचीच्या दुप्पट. ६ आणि ११ इंचीची बरोबरी तीन इंचांच्या जरा अलीकडेच होते, ११ आणि १५ इंचीची साडेचार इंचांच्या आसपास. प्रत्यक्षातल्या कॉइली इतक्या साध्या नसतात, पण कल हाच राहतो. डिटेक्टरिस्ट मंडळी एक ढोबळ आडाखा सांगतात की रुपयाएवढं नाणं साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत सापडतं. स्वच्छ जमिनीत मध्यम आकारांच्या बाबतीत तो बरा लागू पडतो, मोठ्या कॉइलच्या बाबतीत फसवतो. १५ इंची कॉइल लावली म्हणून चतकोर पेनी १५ इंचांवरून बोलत नाही. तेवढ्याशा तुकड्यात फिरायला प्रवाहांना जागाच नसते.

एवढ्यावर थांबलं तर मोठी कॉइल जिंकते असं वाटेल, कारण साडेचार इंचांच्या खाली तीच सरस. पण हा हिशेब एकट्या नाण्याचा आहे, आणि जमिनीत नाणं एकटं नसतं.

रोमन लोकांनी ब्रिटनमध्ये जे मागे ठेवलं, त्यात नाण्यांपेक्षा खिळे कितीतरी जास्त. स्कॉटलंडमधल्या इंचटुथिल इथल्या लष्करी तळावर १९६० च्या उत्खननात एकाच खड्ड्यात साडेसात लाखांहून अधिक लोखंडी खिळे सापडले. तळ सोडून जाताना ते स्थानिक टोळ्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सैन्याने पुरले होते. ते टोकाचं उदाहरण झालं. पण कुठल्याही जुन्या वस्तीच्या जागी, मोडलेल्या घराच्या, गोठ्याच्या, जळलेल्या कुंपणाच्या राखेत वीतभर अंतरावर एक खिळा असणं नवलाचं नाही. ६ इंची कॉइलच्या खाली साधारण २८ चौरस इंच जमीन येते, ११ इंचीच्या खाली ९५ आणि १५ इंचीच्या खाली १७७. म्हणजे लहान कॉइलखाली एक खिळा असेल तिथे मोठीखाली सहा. सहाही जण एकदम बोलतात आणि लोखंडाचा आवाज मोठा असतो. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना कुणाचं पुटपुटणं ऐकायचं तर कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागतो. सभागृह मोठं करून उपयोग नसतो. ६ इंची कॉइल करते ते एवढंच. तिची खोली कमी पडते, पण दोन खिळ्यांच्या फटीतून चांदीचा स्वच्छ सूर तिला वेगळा ऐकू येतो.

म्हणूनच ‘या शेतात आता काही उरलं नाही’ असं सगळ्यांनी ठरवलेल्या जागी लहान कॉइल घेऊन जाणाऱ्याला नाणी मिळतात. ती कुणाच्या आवाक्याबाहेर खोल नव्हती, खिळ्यांच्या गोंगाटात झाकली गेली होती. आजचे डिटेक्टर एका संकेतानंतर दुसरा ऐकायला किती लवकर तयार होतात, यावरही बरंच अवलंबून असतं. पण एकाच वेळी कॉइलखाली आलेल्या दोन वस्तू वेगळ्या करणं कुठल्याही सॉफ्टवेअरला जड जातं.

लोखंडाहून चिवट शत्रू म्हणजे शीतपेयाच्या डब्याची ओढकडी आणि चॉकलेटचा चांदीकागद. डिटेक्टर सोनं ओळखत नाही. तो ओळखतो विद्युत्वहन आणि आकार यांची गोळाबेरीज. अॅल्युमिनियमची कडी आणि पातळ सोन्याची अंगठी या गोळाबेरजेत शेजारी बसतात. तिथे कॉइलचा आकार कामी येत नाही, खणूनच पाहावं लागतं. लहान कॉइलचा फायदा एवढाच, की नेमकी जागा लवकर सापडते आणि खड्डा लहान होतो. गवताच्या मैदानावर, दुसऱ्याच्या जमिनीत, हा फायदा छोटा नाही.

आकाराबरोबर घडणही पाहावी लागते. जुन्या पद्धतीच्या समकेंद्री कॉइलमध्ये एक वेटोळं मोठं आणि दुसरं त्याच्या पोटात असतं. तिचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं, त्यामुळे वस्तूची जागा अचूक कळते. पण लोहयुक्त जमिनीत ती सतत किरकिरते. दुसऱ्या घडणीत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर चढवलेली असतात. तिला डबल-डी म्हणतात. तिची खरी संवेदनशील जागा म्हणजे पुढून मागे जाणारी मधली अरुंद पट्टी. जमिनीचा आवाज तिच्यात बराचसा कापला जातो, म्हणून आज बहुतेक डिटेक्टर डबल-डी कॉइलसह येतात. मिनलॅब कंपनीचा २०१८ मध्ये आलेला इक्विनॉक्स ८०० हे नमुन्याचं उदाहरण: सोबत ११ इंची गोल डबल-डी, आणि वेगळी घ्यायची तर ६ इंची गोल किंवा १२ बाय १५ इंची लंबगोल. लंबगोल कॉइल म्हणजे एक चांगली तडजोड असते. रुंदी कमी असल्याने ती शेजारच्या दोन वस्तू वेगळ्या ओळखते, आणि कापणीनंतर उरलेल्या सडांमधून, दगडांच्या मधून सहज सरकते.

जमिनीचा स्वतःचा आवाज ही आपल्या मातीतल्या माणसाला लगेच कळणारी गोष्ट. दख्खनचं पठार बेसॉल्टचं. त्यातून झालेल्या काळ्या मातीत मॅग्नेटाइटचे कण असतात. कोकणातला जांभा तर लोहाच्या ऑक्साइडनेच लाल झालेला, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूत इल्मेनाइट आहे. अशी जमीन डिटेक्टरला सतत धातूसारखं काहीतरी सांगत राहते. डिटेक्टर त्या आवाजाची वजाबाकी करतो, पण वजाबाकी कधी पूर्ण होत नाही. कॉइल जितकी मोठी, तितकी जास्त जमीन तिच्या क्षेत्रात, तितका उरलेला आवाज मोठा. इंग्लंडच्या सौम्य मातीत जी १५ इंची कॉइल दोन इंच जास्त खोल जाते, ती लोहयुक्त जमिनीत ११ इंचीच्याही मागे पडू शकते, कारण संवेदनशीलता कमी केल्याशिवाय ती शांतच बसत नाही. ओल्या वाळूत हेच काम मीठ करतं, कारण खारं पाणी स्वतःच वाहक असतं. विजेच्या तारांखाली मोठी कॉइल मोठ्या अँटेनासारखी वागते आणि कुठलाही धातू नसताना बडबडते.

आजूबाजूचा आवाज खोलीवर कशी मात करतो, याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट जमिनीतली नाही, पलंगावरची आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक गोळी पाठीतून शरीरात अडकून राहिली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल दोन वेटोळ्यांचं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. यंत्र हवेत चांगलं चाललं होतं. अध्यक्षांच्या अंगावर मात्र त्यातून जागोजागी अस्पष्ट आवाज येत राहिला. गादीत पोलादी तारा होत्या. त्यातून मुख्य डॉक्टर ब्लिस यांचा आग्रह असा, की गोळी उजव्या बाजूलाच आहे, तिथेच शोधा. गारफील्ड १९ सप्टेंबरला वारले आणि शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला, खोलवर सापडली. बेलसाहेबांनी कितीही मोठं वेटोळं आणलं असतं, तरी गादीतल्या तारांनी त्यांना आधी उत्तर दिलं असतं.

मोठ्या कॉइलची बाजू घ्यायची तर दोन जागा नक्की आहेत. एक म्हणजे मोकळं, भंगार नसलेलं विस्तीर्ण शेत. तिथे वेळेचा प्रश्न येतो. प्रत्येक फेरीत दीड मीटर रुंदीचा पट्टा झाडला, कॉइलच्या निम्म्या व्यासाइतकंच पुढे सरकलं आणि एका फेरीला दोन सेकंद धरले, तर एक एकर व्हायला ६ इंची कॉइलने सुमारे २० तास लागतात, ११ इंचीने पावणेअकरा, १५ इंचीने आठाच्या आत. ‘निम्म्या व्यासाइतकंच’ ही अट मी मुद्दाम घातली आहे. कुठल्याही कॉइलचं पकडीचं क्षेत्र खोलवर अरुंद होत जातं. कॉइलभर अंतर सोडून पुढे जाणारा माणूस वरवरची नाणी उचलतो आणि खोल गेलेली ओलांडून जातो.

दुसरी जागा ऑस्ट्रेलियातली सोन्याची. व्हिक्टोरिया राज्यात किंगोवर इथे १९८० मध्ये गॅरेट कंपनीच्या डिटेक्टरने ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा २७ किलोंहून जड सोन्याचा गोळा सापडला, आणि तोही जेमतेम फूटभर खोलीवर, मातीत उभा. एवढी मोठी वस्तू दूरवरूनही उत्तर देते; तिच्यासाठी मोठी कॉइल लावून जास्तीत जास्त जमीन झाडणंच शहाणपणाचं. उलट गहू-तांदळाच्या दाण्याएवढं सोनं शोधणारे अगदी दुसऱ्या टोकाला असतात. त्यांच्यातला जुना लाडका फिशर गोल्ड बग-२ हा ७१ किलोहर्ट्झ इतक्या उच्च वारंवारतेवर चालतो आणि सोबत लहान लंबगोल कॉइल वापरतो. लहान वस्तू, उच्च वारंवारता, लहान कॉइल हे त्रिकूट बहुधा एकत्र फिरतं. आपली चतकोर पेनीही त्याच पंक्तीतली.

वजनाबद्दल दुकानदार फारसं बोलत नाहीत. कॉइल दांड्याच्या टोकाला असते, त्यामुळे तिथलं शे-दोनशे ग्रॅम जास्तीचं वजन कोपराला आणि मनगटाला कितीतरी जास्त वाटतं. दमलेला हात फेरीच्या दोन्ही टोकांना कॉइल वर उचलू लागतो. कॉइल तीन इंच वर गेली की मोठ्या कॉइलने मिळवलेली खोली तिथेच गेली.

आणि खोली हवी तरी किती? इंग्लंडमधल्या शेतात नांगर साधारण २० ते ३० सेंटिमीटर जातो. या थरातल्या वस्तू आधीच उलथ्यापालथ्या झालेल्या असतात, त्यांचा मूळ संदर्भ हरवलेला असतो. त्या उचलून नोंदवल्या तर पुरातत्त्वाला फायदाच होतो. १९९७ मध्ये सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमने तेच केलं. १९९६ च्या ट्रेझर अॅक्टप्रमाणे ‘खजिना’ ठरणारी वस्तू सापडल्यावर १४ दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावी लागते. स्टॅफर्डशायरमधला सातव्या शतकाच्या आसपासचा अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा, हजारो तुकड्यांचा, २००९ मध्ये सापडला तो या नांगरटीच्या थरातच. नांगरटीच्या खालचं मात्र अजून जागच्या जागी असतं, आणि तिथे डिटेक्टरवाल्याने हात लावू नये असा तिथला जबाबदार शिरस्ता आहे.

नोव्हेंबर १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज हे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. डिटेक्टर वाजला आणि खाली चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी निघाली. थोडं काढून त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले, म्हणून लाकडी पेटीत वस्तू कशा रचल्या होत्या तेही समजलं. सुमारे १५ हजार रोमन नाणी निघाली. हातोडाही सापडला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे कायदा अधिक कडक. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला की कलेक्टरांना लेखी कळवणं बंधनकारक. संरक्षित स्मारकावर, म्हणजे कित्येक गडकोटांवर, परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. तेव्हा सह्याद्रीत डिटेक्टर घेऊन गुप्तधन शोधायला निघणाऱ्याला कॉइलचा सल्ला देण्यात अर्थ नाही. भात लावताना स्वतःच्या खाचरात पडलेली अंगठी शोधायची असेल, तर ६ इंची पुरते: अंगठी चिखलात फार खोल जात नाही आणि त्या मातीत मोठी कॉइल शांत राहत नाही.

ज्याला हा छंद इंग्लंडमध्ये, रीतसर परवानगीने करायचा आहे, त्याने डिटेक्टरसोबत येणाऱ्या ९ ते ११ इंची कॉइलवर एक हंगाम काढावा. नांगरटीच्या थराला ती पुरते. दुसरी कॉइल घ्यायला पैसे जमले की पुष्कळजण १५ इंचीकडे वळतात; मी ५ किंवा ६ इंची घ्यायला सांगेन, कारण नेहमीच्या कॉइलने चुकवलेलं बरंचसं खिळ्यांच्या शेजारी असतं, तिच्या आवाक्याच्या खाली थोडंच. १५ इंची तिसऱ्या नंबरावर, आणि तीही मोठं, स्वच्छ शेत हाताशी असेल तरच. घेण्याआधी आपल्या डिटेक्टरच्या मॉडेलला ती चालते का, हे बघावं: कॉइल त्या-त्या यंत्राच्या वारंवारतेशी जुळवलेली असते आणि एका कंपनीची दुसरीला सहसा लागत नाही, कित्येकदा त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांतही अदलाबदल होत नाही.